श्वान निवडताना : घर, वेळ आणि स्वभाव यांचा मेळ

माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी म्हणजे कुत्रा. दत्तगुरूंच्या चरणांशी विसावलेले चार श्वान असोत, खंडोबाच्या सोबतीचा श्वान असो वा धर्मराजासह स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला श्वान असो, आपल्या परंपरेने या प्राण्याच्या निष्ठेला मानाचे स्थान दिले आहे. परंतु निष्ठा उभयपक्षी असावी लागते. हौसेने आणलेले पिल्लू वर्षभरात डोईजड होते आणि एके दिवशी दूर कुठेतरी सोडून दिले जाते, असे अनेकदा घडते. याचे मूळ बहुधा प्रेमाच्या अभावात नसून चुकीच्या निवडीत असते. म्हणून निवड कशी करावी, याचा क्रमाने विचार करू.

प्रथम स्वतःची पाहणी

कुत्र्याचे आयुष्य साधारणतः 10 ते 14 वर्षांचे असते. म्हणजेच, आज चौथीत असलेले मूल पदवीधर होईपर्यंत ही जबाबदारी आपल्याकडे राहणार. या काळात बदली होईल काय, घर भाड्याचे असेल काय, परगावी जाताना सांभाळ कोण करील, या प्रश्नांची उत्तरे आधीच हवीत. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते व वरचेवर बाहेर न्यावे लागते. पती-पत्नी दोघेही दिवसभर कामावर असतील आणि घरी अन्य कोणी नसेल, तर पिल्लाऐवजी स्वभाव स्थिरावलेला, दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घेणे अधिक श्रेयस्कर.

जातीचा मूळ व्यवसाय

रूपापेक्षा त्या जातीची जोपासना कोणत्या कामासाठी झाली, हे पाहावे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांना मदत करीत. साहजिकच हा प्रेमळ कुत्रा भरपूर व्यायाम मागतो. तो न मिळाल्यास लठ्ठ होतो. जर्मन शेफर्ड हा मेंढ्या राखणारा. त्याला शिक्षण आणि काम हवे. बीगल आकाराने लहान, म्हणून सदनिकेस योग्य वाटतो. पण कळपाने शिकार करणाऱ्या या जातीला एकटेपणा सोसत नाही व तिचा आवाज शेजाऱ्यांना सोसत नाही. पगला व्यायाम कमी लागतो, मात्र चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात श्वासाचा त्रास होतो. बर्फाळ प्रदेशातील सायबेरियन हस्कीला नागपूरच्या वा चेन्नईच्या उन्हात ठेवणे, हा त्या जिवावर अन्यायच होय.

देशी पर्याय

भारतीय टपाल खात्याने 2005 साली हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम या चार देशी जातींवर तिकिटे काढली. मुधोळ ही जात कर्नाटकातील मुधोळच्या नावाने ओळखली जाते. दक्षिण महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. मुधोळ, रामपूर आणि राजपालयम ही शिकारी वाणाची कुत्री असून त्यांना धावण्यास मोकळी जागा लागते. शेतघरास ती शोभतात, दोन खोल्यांच्या घरात कोंडली जातात. आपला गावठी कुत्रा मात्र मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा आणि इथल्या हवामानास सरावलेला असतो. प्राणिकल्याण संस्थांकडून तो दत्तक मिळू शकतो.

पिल्लू पारखताना

आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास 2017 च्या नियमांनुसार मनाई आहे. विक्रेत्याची नोंदणी पाहावी आणि शक्य झाल्यास पिल्लाची आईही पाहावी. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे आणि अंगावर तजेला असावा. फुगलेले पोट हे जंतांचे लक्षण असू शकते. कोपऱ्यात दडणारे किंवा सतत भावंडांच्या अंगावर धावून जाणारे पिल्लू टाळून, टाळी वाजवताच कुतूहलाने पुढे येणारे निवडावे. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्होच्या लसी, तर सुमारे तीन महिन्यांनी रेबीजची लस द्यावी लागते. पुढील वेळापत्रक पशुवैद्यकांकडून घ्यावे. आपल्या महापालिकेत श्वान-परवाना आवश्यक असल्यास तोही काढावा.

शेजार आणि कायदा

गृहनिर्माण संस्थांनी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तथापि जिन्यातील स्वच्छता आणि शेजाऱ्यांची झोप राखणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हा आहे, याचेही भान असावे.

एक सोपी कसोटी

निर्णयापूर्वी तीन महिने एवढेच करून पाहावे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, पावसातही, घराबाहेर फिरून यावे. आणि आहार, लसी व औषधोपचार यांचा अंदाजे मासिक खर्च दरमहा आवर्ती ठेवीत भरावा. दोन्ही नेम न चुकता पाळले गेले, तर आपल्या घरात श्वानाला जागा आहे असे समजावे. न पाळले गेले, तरी ठेव आपलीच राहील आणि एक मुका जीव बेघर होण्यापासून वाचेल.