मेट्रोपोलिस : जमिनीखालचे शहर

चित्रपटांविषयी आपण एरवी बोलतो ते बहुधा आवडत्या नटनट्यांबद्दल. मी मात्र येथे अशा एका चित्रपटाची शिफारस करणार आहे, की ज्यात बोलणे नाही, गाणी नाहीत, रंगही नाहीत. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. उद्याच्या भयाण समाजाचे चित्र रंगवणारे जे विज्ञानपट पुढे जगभर निघाले, त्यांतील पुष्कळांचे मूळ येथे सापडते. परंतु जुना आणि थोर म्हणून तो पाहा, असे मी म्हणणार नाही. तळ्याच्या पंचक्रोशीत अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांतले कोणीतरी मुंबईच्या गिरणीत खपले आहे. त्या घरांतल्या मुलामुलींना हा चित्रपट इतरांहून लवकर कळेल, असे मला वाटते.

कथानक साधे आहे. मेट्रोपोलिस हे शहर थराथरांचे. वर गगनचुंबी इमारती, पूल, विमाने आणि श्रीमंतांच्या मुलांची क्रीडांगणे, त्याखाली यंत्रे, आणि यंत्रांच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा स्वामी योह फ्रेडरसन, त्याचा भाबडा मुलगा फ्रेडर आणि कामगारांना धीर देणारी मारिया ही मुख्य पात्रे. फ्रेडरसनच्या सांगण्यावरून रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ यंत्रमानवाला मारियाचा चेहरा देतो. ही खोटी मारिया कामगारांना चिथावते, यंत्रे फोडली जातात, आणि खालच्या वस्तीत पाणी शिरते.

आरंभीचा पाळी बदलण्याचा प्रसंग नीट पाहा. माना खाली घातलेल्या माणसांच्या दोन रांगा, एक कामावर जाणारी आणि एक सुटलेली. सुटलेली रांग जाणाऱ्या रांगेपेक्षा मंद चालते! थकवा म्हणजे काय, हे सांगायला दिग्दर्शकाने एवढेच केले आहे. भिंतीवरच्या घड्याळांपैकी एक चोवीस तासांचे आहे, दुसरे दहा तासांचे. कामगाराचे आयुष्य दुसऱ्या घड्याळावर चालते. पुढे फ्रेडर स्वतः एका कामगाराच्या जागी उभा राहून यंत्राच्या तबकडीचे काटे फिरवतो, तेव्हा तो क्रुसावर टांगल्यासारखा दिसतो. भोंगा, रात्रपाळी, बदली कामगार हे शब्द ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत, त्यांना या दृश्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

तंत्राविषयी थोडे. ती प्रचंड शहरे पुष्कळशी लहान प्रतिकृतींची आहेत. ऑयगेन शुफ्टान याने आरशाचा काही भाग खरवडून मोकळा केला. उरलेल्या आरशात प्रतिकृतीचे प्रतिबिंब आणि मोकळ्या काचेतून पलीकडचे खरे नट, असे दोन्ही कॅमेऱ्यात एकदम टिपले. संगणकाविना केलेली ही करामत आहे. पुराच्या दृश्यांसाठी मात्र बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले थंड पाण्यात उभी केली होती. श्रमिकांच्या दुःखाचा चित्रपट तोही असा तयार झाला, हे विसरता येत नाही.

आता माझे भांडण. शेवटी देवळाच्या दारात मालक आणि कामगारांचा मुकादम यांचे हात फ्रेडर एकमेकांत देतो. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी केली की सारे मिटते, हे या चित्रपटाचे सार. मला ते पटत नाही. पुढे लांगलाही हा शेवट पटेनासा झाला होता. त्या शेवटच्या दृश्यातही कामगार कवायतीसारखे रांगेतच चालत येतात. पाळी बदलली नाही की घड्याळ बदलले नाही. मग बदलले काय?

शिवाय हात म्हणजे नुसते हात, त्यांना स्वतःचे डोके नसते, हे गृहीतच चुकीचे आहे. आपल्या मांदाडजवळच्या कुड्याच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. दात्यांत राजघराण्याशी संबंधित माणसे आहेत, तसा एक माळी आणि एक लोखंडाचा व्यापारीही आहे. फुले विकणाऱ्याला लेणे कोरवून घेण्याची कल्पना सुचत होती! मुंबईच्या गिरणगावातही हेच दिसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती कोणा मालकपुत्राच्या कनवाळू हृदयाने दिली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा तर कोणताच फ्रेडर हात जुळवायला आला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि आपल्याकडची पुष्कळ माणसे गावी परतली.

या कथेची लेखिका टेआ फॉन हार्बू ही तेव्हा लांगची पत्नी. १९३३ मध्ये दोघे विभक्त झाली. लांग जर्मनी सोडून गेला, ती तेथेच राहिली. आणि तिने पुढे विवाह केला तो बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकरांशी! मराठी माणसाला याची गंमत वाटेल. पण नाझी राजवटीत गोऱ्या लेखिकेने एका हिंदी माणसाशी केलेला हा विवाह उघड करण्याची सोय नव्हती. आणि त्याच राजवटीच्या चित्रपटसृष्टीसाठी ती लिहीतही राहिली. सत्तेशी हृदयाचा मेळ घालणे किती अवघड, हे तिच्या चरित्रातून तिच्या पटकथेपेक्षा अधिक कळते.

असे असूनही मी हा चित्रपट पाहा म्हणतो, कारण त्यातली चित्रे त्याच्या उपदेशापेक्षा खरी आहेत. खोट्या मारियाचेच घ्या. विश्वासातल्या माणसाचा चेहरा यंत्राला चढवून जमाव पेटवायचा, ही कल्पना १९२७ मध्ये अद्भुत होती. आज कोणाचाही चेहरा आणि आवाज संगणकावर बनवून मोबाईलवर फिरवता येतो. तेव्हा ब्रिगिटे हेल्म या नटीने एकाच चेहऱ्याने रंगवलेल्या दोन मारिया शेजारी ठेवून अभ्यासाव्यात. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ती नजरेने आणि अंगविक्षेपाने कसे दाखवते ते पाहावे.

प्रत मात्र पारखून घ्या. मूळ चित्रपट सुमारे अडीच तासांचा. प्रथम प्रदर्शनानंतर तो कापला गेला आणि गाळलेला भाग हरवला असे अनेक वर्षे समजत होते. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात एक जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती बर्लिनला दाखवली गेली. तीच पाहावी, तिच्यात सापडलेले भाग ओरखड्यांवरून लगेच ओळखू येतात. योगायोग असा, की त्याच २०१० साली महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ही आला. तो गिरणी संपानंतरच्या एका कुटुंबाविषयी आहे. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर उत्तम, आणि शक्य तर गिरणीतून परतलेल्या एखाद्या आजोबांना शेजारी बसवून.