एकटीची दुकटी झाली की : अभियंता महिलांच्या संघटना आणि आपलं सायखेडा



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन पालक येतात, "मॅडम, पुढं काय?" मुलगा असेल तर आयटीआय, डिप्लोमा, सायन्स अशी यादी घरूनच तयार असते. मुलगी असेल तर यादी छोटी होते. आजचा पाठ त्या छोट्या यादीबद्दल आहे. इंजिनिअरिंगमध्ये जाणाऱ्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संघटना कोणत्या, त्या गावपातळीवर नेमकं काय करतात आणि आपल्या सायखेड्यात त्यातलं काय करता येईल, हे आपण बघू.

आधी माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. घरची शेती, द्राक्षाची थोडी बाग. फवारणीचा पंप बिघडला की वडिलांच्या आधी हीच पाना घेऊन बसायची. दहावीला गणितात उत्तम मार्क पडले. मी घरी जाऊन वडिलांना समजावलं, फॉर्म भरायला मदत केली आणि तिला मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं. नापास झाली म्हणून नाही. वर्कशॉपच्या तिच्या बॅचमध्ये ती एकटीच मुलगी होती. लेथवर काम करायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचं, "तू राहू दे, आम्ही करतो, तू जर्नल लिही." असं वर्षभर चाललं. परीक्षेत जॉब करायला उभी राहिली तेव्हा हात थरथरले. संध्याकाळची एसटी चुकली की घरी बोलणी बसायची ती वेगळीच. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, तेही बाजारात अचानक भेट झाली म्हणून.

मी तिचा फॉर्म भरून दिला, पण "कसं चाललंय?" हे विचारायला एकदाही गेले नाही. मला वाटलं, प्रवेश मिळाला म्हणजे काम झालं. ते निम्मंच काम होतं.

ललिता यांची गोष्ट

आता थोडं मागं जाऊ. भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या ए. ललिता. जन्म १९१९ चा, मद्रासचा. लग्न पंधराव्या वर्षी झालं. अठराव्या वर्षी पती वारले, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळात विधवेनं घराबाहेर पडणंच अवघड होतं. पण वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी खास परवानगी मिळवली आणि १९४० मध्ये ललिता इलेक्ट्रिकल शाखेत दाखल झाल्या.

सगळ्या कॉलेजात मुलगी ही एकटीच. अभ्यास जमत होता, पण वसतिगृहात बोलायला कोणी नव्हतं. हे लक्षात आल्यावर कॉलेजनं मुलींनाही प्रवेश मिळेल असं जाहीर केलं. मग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिल शाखेला आल्या. एकीच्या तिघी झाल्या आणि तिघीही इंजिनिअर झाल्या. थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ललिता यांनी भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या कामात भाग घेतला. त्यांच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर 'तो' असंच छापलेलं होतं. ते खोडून हातानं 'ती' लिहावं लागलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. कॉलेजनं ललिता यांच्यासाठी अभ्यास सोपा केला नाही, मार्क वाढवून दिले नाहीत. फक्त सोबत दिली. आमच्या त्या मुलीला नेमकं हेच मिळालं नाही.

संघटना कशा सुरू झाल्या?

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. युद्ध संपल्यावर "आता घरी जा" असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा काही जणींनी एकत्र येऊन २३ जून १९१९ रोजी लंडनमध्ये 'वुमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी' स्थापन केली. म्हणून २३ जून हा दिवस आज आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन म्हणून पाळला जातो. योगायोग बघा, ललिता यांचं जन्मवर्षही तेच.

अमेरिकेत १९५० मध्ये 'सोसायटी ऑफ वुमन इंजिनिअर्स' स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्ष बिएट्रिस हिक्स. या संघटनेनं १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंता आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्या परिषदेला आपल्या ललिता गेल्या होत्या, पण देशाच्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या. कारण तेव्हा भारतात अशी शाखाच नव्हती! पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या सोसायटीच्या सभासद झाल्या.

आज परिस्थिती बदलली आहे. सोसायटी ऑफ वुमन इंजिनिअर्सचं काम पुण्यात, बंगळुरूत चालतं. 'आयईईई' या जागतिक अभियंता संस्थेचा 'वुमन इन इंजिनिअरिंग' हा विभाग आहे आणि अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याचे विद्यार्थी गट असतात. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं तर पुण्यात १९९१ मध्ये फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेच कमिन्स कॉलेज.

या संघटना स्थानिक पातळीवर करतात काय?

नाव मोठं असलं तरी काम अगदी साधं असतं. थोडक्यात असं:

१) शाळेत जाणे. नोकरी करणाऱ्या महिला इंजिनिअर सुटीच्या दिवशी शाळेत येतात. भाषण कमी, प्रात्यक्षिक जास्त. कागदाचा पूल करून त्यावर वजन ठेवा, सर्किट जोडून दिवा लावा. मुलींच्या हातात वस्तू येते हे महत्त्वाचं.

२) ताई जोडून देणे. याला मेंटॉरिंग म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला शेवटच्या वर्षाची किंवा नोकरीतली एक ताई जोडून दिली जाते. "वर्कशॉपमध्ये मला मशीनला हात लावू देत नाहीत" हे कोणाला सांगायचं, तर तिला. ती सांगते, "मलाही असंच झालं होतं, तू शिक्षकांना असं असं बोल."

३) कारखाना दाखवणे. पुस्तकात वाचलेला लेथ प्रत्यक्ष चालताना बघितला की भीती जाते.

४) नोकरीची तयारी. मुलाखतीचा सराव, अर्ज कसा लिहायचा, पगाराबद्दल कसं बोलायचं.

५) खंड पडलेल्यांना परत आणणे. लग्न, बाळंतपण यामुळे नोकरी सुटलेल्या महिलांना पुन्हा कामावर यायला मदत.

६) सोयींसाठी आवाज उठवणे. साइटवर स्वच्छतागृह, बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट, सुरक्षित येणं-जाणं. एकटीनं मागितलं तर 'कटकट' म्हणतात, दहा जणींनी मिळून मागितलं तर त्याची नोंद घेतात.

यातलं दोन नंबरचं काम आमच्या त्या मुलीसाठी कोणी केलं असतं, तर कदाचित ती आज कुठल्यातरी कारखान्यात असती. मला तरी तसंच वाटतं.

इंजिनिअरिंग आपल्या दारात आहे

काही पालक म्हणतात, "मुलीला इंजिनिअर करून गावात काय उपयोग?" तर चला, गावातच बघू.

पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणातून पाणी सोडलं की आपण काय करतो? नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो आणि आपल्या पुलाकडे बघतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत गंगेचं पाणी शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. बातमीत "दहा हजार क्युसेक" असं ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी. म्हणजे दहा हजार क्युसेकला दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर एका सेकंदात! पुलाची उंची किती हवी, खांबांत अंतर किती हवं, वाहून आलेल्या पाणवेली अडकल्या तर पुलावर किती जोर येतो, हे सगळं इंजिनिअरिंगच आहे.

पुलावरून आठवलं. शकुंतला भगत हे नाव तुम्ही ऐकलंय? त्यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. वडील एस. बी. जोशी हेही नामवंत पूल-अभियंते. शकुंतलाबाईंनी आयआयटी मुंबईत शिकवलं आणि पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग बनवायचे, डोंगराळ भागात न्यायचे आणि तिथं जोडून पूल उभा करायचा, ही त्यांची पद्धत. १९७२ मध्ये हिमाचलच्या स्पितीत असा पूल उभा राहिला. जिथं मोठी यंत्रं पोहोचत नव्हती, तिथं या पद्धतीनं पूल झाले. तेव्हा पूल बांधणं हे बाईचं काम नाही असं कोणी म्हणालं, तर हे नाव सांगा.

कांद्याची चाळ घ्या. खालून हवा यावी म्हणून जमीन उंच घ्यायची, बाजूला फटी ठेवायच्या, छपराचा ताव आत येऊ द्यायचा नाही. कांदा टिकला तर भाव येईपर्यंत थांबता येतं. घरात कांदा निवडून सडका बाजूला काढण्याचं काम बहुतेक बायकाच करतात. कुठल्या कोपऱ्यातला कांदा आधी सडतो हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. ही माहिती असलेली मुलगी चांगली चाळ तयार करू शकणार नाही का? आणि नोकरीच म्हणाल तर ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचं वीज केंद्र, सातपूर-अंबडच्या कंपन्या हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे.

पैशांचं काय?

हा खरा प्रश्न आहे, तो टाळायचा नाही. तीन गोष्टी लिहून ठेवा.

एक, एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती. डिप्लोमा किंवा पदवी करणाऱ्या मुलींसाठी वर्षाला ५० हजार रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते.

दोन, महाराष्ट्र शासनानं जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा.

तीन, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मधेच नोकरी लागली तरी डिप्लोमा हातात असतो.

दाखल्यांसाठी निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवास दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे.

आपण सायखेड्यात काय करायचं?

मोठ्या संघटनेची पाटी गावात लागायची वाट बघत बसायला नको. काम समजलं की ते चार जणींतही करता येतं. या वर्षीपासून आम्ही एवढं ठरवलं आहे:

गावातल्या आणि आसपासच्या, डिप्लोमा किंवा पदवी झालेल्या मुलींची यादी एका वहीत करायची. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांना शाळेत बोलवायचं. पालकांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं आम्ही शिक्षकांनी नाही, त्या मुलींनी द्यायची. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीला एक ताई ठरवून द्यायची. शक्यतो एकाच कॉलेजात दोन मुलींनी मिळून प्रवेश घ्यावा, म्हणजे एसटीचा प्रवासही सोबत होतो. आणि वहीत दर महिन्याला एक खूण करायची: बोलणं झालं का? ही खूण करायची जबाबदारी माझी.

पहिली ताई म्हणून मी कोणाला विचारलं असेल? त्याच मुलीला, जिनं कॉलेज सोडलं होतं. आधी ती "मी काय सांगणार?" म्हणाली. मी म्हटलं, "वर्कशॉपमध्ये जर्नल धरून उभं राहायचं नाही, एवढंच सांग." ती येते म्हणाली. जाताना तिनंच विचारलं, "मॅडम, सोडलेला डिप्लोमा पुन्हा सुरू करता येतो का?" त्याची चौकशी आता माझ्याकडे आहे. या वेळी मी विसरणार नाही.

स्वाध्याय

१) ए. ललिता यांच्या एकटेपणावर कॉलेजनं कोणता उपाय केला? तो योग्य होता असं तुम्हाला का वाटतं?
२) २३ जून या दिवसाचं महत्त्व लिहा.
३) २५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला किती लिटर? गणित करून दाखवा.
४) महिला अभियंता संघटनेची कोणतीही चार स्थानिक कामं तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : घरातल्या कोणत्या कामात मशीन आहे आणि ते बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, याची यादी करा. मुलींनो, त्यातलं एक तरी मशीन या सुटीत मोठ्यांना सोबत घेऊन स्वतः उघडून बघा. विजेचं असेल तर आधी प्लग काढायला विसरू नका!