गुण चांगले, तरी गॅस सुरूच राहतो

प्रश्न : पक्षाघातानंतर बाबांना ‘मोका’ चाचणीत 30 पैकी 27 गुण मिळाले. तरी ते गॅस बंद करायला विसरतात. असं का?

उत्तर : ‘मोका’ ही स्मरण, लक्ष, विचारशक्ती यांची प्राथमिक चाळणी आहे, 26 किंवा अधिक गुण सर्वसाधारण धरतात. पण शांत खोलीत एकेक सूचना पाळणं वेगळं आणि दूध तापत असताना फोन घेणं वेगळं. ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन परफॉर्मन्स टेस्ट’मध्ये स्वयंपाक, फोन, औषधं, बिल भरणं ही कामं प्रत्यक्ष करवून घेतात आणि कुठे, किती मदत लागली ते नोंदवतात. मला गुणांपेक्षा ही नोंद मोलाची वाटते, कारण उपचारांची दिशा तिच्यातूनच कळते. तुमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना घरचे प्रसंग लिहून द्या, बाबांना चहा करताना पाहायला सांगा. तोवर त्यांना गॅसपाशी एकटं सोडू नका.