बालाघाटचा निसर्ग कधी पाहावा?

प्रश्न : निसर्ग पाहायला आम्हा बीडकरांना दरवेळी महाबळेश्वर गाठावे लागते. दुष्काळी मुलखात पाहण्याजोगे काय असणार?

उत्तर : पुष्कळ आहे, फक्त ते ऋतू पाहून गाठावे लागते. बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी बिंदुसरा पालीजवळ धरणात अडते आणि पुढे बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते. चांगल्या पावसाच्या वर्षी हा जलाशय भरून सांडव्यावरून वाहतो. मांजरसुंब्याजवळचा कपिलधारचा धबधबाही पावसाळ्यातच पाहावा. आश्विन-कार्तिकात याच उतारांवर सीताफळे पिकतात. फळाचे डोळे उघडून मधल्या भेगा पिवळसर दिसू लागल्या की ते उतरवायला आले. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच मुरमाड, कमी पाण्याच्या जमिनीतले.

उन्हाळ्यात सगळे करपते, हा आक्षेप खरा आहे. पण पानगळ म्हणजे मरण नव्हे. पाणी वाचवण्याची ती झाडांची रीतच आहे. याच मुलखात, बीडजवळच्या पालवणच्या उजाड टेकड्यांवर सह्याद्री देवराई या संस्थेने देशी झाडे वाढवली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरले. मुलांना आधी तिथे न्या. सांडव्याच्या धारेत मात्र उतरू देऊ नका. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही.