‘पाहणे’ आणि ‘दर्शन घेणे’ : शालेय सहल व संविधानाचे अठ्ठाविसावे कलम

सियालदह स्थानकातून निघणारा लोहमार्ग कृष्णनगर, पलाशी आणि मुर्शिदाबादवरून लालगोल्यापर्यंत जातो. दक्षिणेश्वराकडे जाणाऱ्या गाड्याही याच स्थानकातून सुटतात. बंगालचा इतिहास आणि साहित्य पाठ्यपुस्तकाबाहेर नेऊन शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाला या मार्गांवर पलाशीचे रणांगण लागते. त्याखेरीज जे लागते ते बहुतांशी धर्मस्थळांच्या रूपात : राणी रासमणीने १८५५ साली उभारलेले कालीमंदिर, कृष्णनगरचे कॅथलिक कॅथेड्रल, नदीपलीकडचे चैतन्यांचे नवद्वीप, मुर्शिदकुली खानाची कटरा मशीद. स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, कॉलेज स्क्वेअरपाशी, महाबोधी सोसायटीचा १९२० सालचा धर्मराजिक विहार आहे. धर्मस्थळे वगळून येथे अभ्याससहल आखणे जवळजवळ अशक्य होय. मग धर्मनिरपेक्ष राज्याच्या शाळेने विद्यार्थ्यांना तेथे न्यावे ते कोणत्या नात्याने, हा प्रश्न उरतो.

भारतीय संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने या क्षेत्राची मर्यादा आखली आहे. पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धार्मिक शिक्षणाची अट असलेल्या दाननिधीतून वा न्यासातून स्थापन झालेल्या, पण शासनाने चालविलेल्या संस्था यास अपवाद आहेत. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणासही, त्याच्या किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही.

‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी उपस्थित झाला, आणि तो सियालदहच्या परिसरातील एका संस्थेच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे नवद्वीपमधून लोकसभेवर गेलेले पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी १८२४ साली स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजचा दाखला दिला. तेथे वेद, स्मृती, गीता व उपनिषदे शिकविली जातात आणि खर्च सर्वस्वी सरकारचा असतो. या कलमान्वये हे अध्यापन बंद करावे लागेल काय, अशी त्यांची शंका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा, की धार्मिक शिक्षण आणि संशोधन वा अभ्यास या अगदी भिन्न गोष्टी आहेत. अमुक एक गोष्ट सत्य म्हणून मानावी असे शिकविणे हे मतप्रतिपादन झाले. अभ्यास त्याहून वेगळा.

भारतीय वाङ्मयाच्या अध्यापनाला या भेदाचा मोठा आधार आहे. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत केलेला फरक याच विचाराशी जुळतो. डी. ए. व्ही. कॉलेज प्रकरणात (१९७१) गुरू नानकांच्या चरित्राचा व शिकवणुकीचा अभ्यास, आणि अरुणा रॉय प्रकरणात (२००२) धर्मांविषयीचे शिक्षण, हे सर्वोच्च न्यायालयाने या कलमाशी विसंगत मानले नाही. अमेरिकेत धर्मसंस्था आणि राज्य यांच्यात भिंत असावी असा आग्रह आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानेही १९६३ साली शाळांतील बायबल-वाचनाचा उपासनाविधी अवैध ठरविताना, त्या ग्रंथाचा वाङ्मयीन व ऐतिहासिक अभ्यास मात्र मोकळा ठेवला.

परंतु हा सारा विचार ग्रंथाला धरून झालेला आहे. ग्रंथ वाचताना वाचक अंतर राखू शकतो. स्थळ मात्र येणाऱ्याकडून वर्तनाची अपेक्षा करते. वर्गात गीतेचा अध्याय वाचणाऱ्या मुलाला हात जोडावे लागत नाहीत. गाभाऱ्यापुढील रांगेत, आरतीच्या वेळी, शिक्षकांसह सारा वर्ग हात जोडत असताना एकट्याने तसे उभे राहणे त्याला कठीण जाते.

येथेच कलमाच्या शब्दयोजनेतील एक मर्यादा दृष्टीस पडते. संमतीच्या खंडात जिचा निर्देश आहे ती उपासना संस्थेत किंवा तिला जोडलेल्या वास्तूत चालणारी आहे. सहल तर शाळेचे आवार ओलांडल्यावरच सुरू होते. अक्षरशः वाचल्यास हे संरक्षण विद्यार्थ्याला फाटकापाशीच सोडून जाते. पुढे त्याच्यासोबत येते ते पंचविसाव्या कलमातील सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळमधील तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आदर दाखविणे वेगळे आणि सहभागी होणे वेगळे, हे तत्त्व सहलीलाही लागू पडावे.

मराठी भाषेत हा भेद क्रियापदांतच आहे. मंदिर ‘पाहिले’ आणि देवाचे ‘दर्शन घेतले’ ही दोन वाक्ये कोणी एकार्थी मानणार नाही. पाहणे, ऐकणे, विचारणे, टिपून घेणे या अभ्यासाच्या क्रिया; नमस्कार करणे, आरती म्हणणे, तीर्थ घेणे या उपासनेच्या. पादत्राणे काढणे वा मस्तक झाकणे हा यजमानाविषयीचा शिष्टाचार होय. पहिला गट शाळेने योजावा, शिष्टाचार पाळावा, आणि दुसरा गट विद्यार्थ्याच्या इच्छेवर सोडावा.

‘इच्छेवर सोडणे’ हेही वाटते तितके सोपे नाही. १८७८ साली कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळविणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे अभिवचन होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि मुलींवर येण्याची सक्ती नसे. तरीही ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाईंच्या बाजूने पाहता दार लावून घेणे म्हणजे श्रद्धा लपविणे होते. पालकांच्या बाजूने पाहता आश्रयदात्या शिक्षिकेचे उघडे दार हेच आमंत्रण होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. सक्ती नसली तरी अधिकाराचा दाब असतो, हा त्या वादाचा धडा आहे.

म्हणून सहलीच्या संमतिपत्रावर केवळ गावाचे नाव पुरेसे नाही. तेथे काय पाहिले जाईल आणि कोणता विधी चालू असेल, हे पालकाला कळले पाहिजे. शिवाय उंबरठ्याबाहेर थांबणाऱ्यासाठी एखादा शिक्षकही बाहेर थांबला पाहिजे, म्हणजे थांबणे ही शिक्षा ठरणार नाही. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला आणि पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, त्या समाजात प्रत्येक मूल उंबरठ्याशी सारख्याच स्मृती घेऊन येते असे मानता येणार नाही.

या अडचणींमुळे धर्मस्थळे सहलीतून वगळावीत, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आळंदी न पाहिलेल्याला वारकरी वाङ्मयाचा आणि नवद्वीप न पाहिलेल्याला वैष्णव पदावलीचा परिसर अपुराच कळतो. कटरा मशिदीच्या जिन्याखाली तिच्या निर्मात्याची कबर आहे, हे तेथे उभे राहून कळणे निराळे. मैत्रांची शंका आणि आंबेडकरांचे उत्तर यांतून ग्रंथाच्या अभ्यासाची वाट मोकळी झाली. स्थळाच्या अभ्यासासाठी तीच वाट शाळांना आपल्या नियमांतून आखावी लागेल.