इमारत नको, मैदान पाहा

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, शालेय स्पर्धांत बेसबॉल खेळतो. कॉलेज कसं निवडावं? – एक पालक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : कॉलेज बघायला संध्याकाळी पाचला जा. मैदानावर पोरं दिसली, तर निम्मं उत्तर मिळालं. जुन्या खेळाडूंना विचारा : सराव रोज होतो का? स्पर्धेमुळे परीक्षा बुडाली तर सोय काय? विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडतात. म्हणून बेसबॉलचा संघ उतरवणारंच कॉलेज घ्या. विषय मात्र मुलाच्या आवडीचाच हवा. कारण दुखापत सांगून येत नाही; खेळ सुटला तरी शिक्षण हाती राहावं. स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा.

तुमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथं धावपटू घडला आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. वाट एकच नसते.