परवान्याची पारख

एखादी वस्तु हातीं असणें आणि तिजवर आपला हक्क असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें वसईकरांस वेगळें सांगावयास नको. जागा घेतांना सातबाराचा उतारा पाहिल्याखेरीज शहाणा मनुष्य बयाणा देत नाहीं. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमि यांकरितां राखून ठेविलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें इ. स. २०२५ च्या आरंभापर्यंत जमीनदोस्त झाल्या. तेथील कुटुंबांच्या हातीं घराची किल्ली होती. परंतु बांधणारालाच जो हक्क नव्हता, तो त्यांस मिळणार कोठून?

हाच विचार संगणकास लागू पडतो. वसई रोड, नालासोपारा व विरार येथील संगणकदुरुस्तीच्या दुकानांतून आमचे कित्येक विद्यार्थी पुढें काम धरितात. गिऱ्हाईक येतें व "विंडोज टाकून द्या" एवढेंच म्हणतें. तेव्हां प्रथम काय पाहावें, तें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपण ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेतों असें म्हणतों. वस्तुतः आपण ती वापरण्याची परवानगी घेतों. या परवान्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला यंत्राबरोबर कारखान्यांतूनच येतो. तो त्याच यंत्राशीं बांधलेला असून दुसऱ्या यंत्रावर नेतां येत नाहीं. दुसरा सुटा विकत मिळतो. तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेतां येतो, पण एका वेळीं दोहोंवर चालवितां येत नाहीं. तिसरा मोठ्या संस्थांस त्यांच्या अनेक यंत्रांकरितां देण्यांत येतो. तो बाहेरच्या माणसास विकण्याचा अधिकार त्या संस्थेसहि नसतो.

आतां तपासणीचा क्रम पाहूं. आधीं यंत्राचें बिल मागावें. विंडोज ७ च्या काळीं २५ अक्षरांकांची प्रॉडक्ट की पेटीवरील चिठ्ठीवर छापलेली असे. इ. स. २०१२ मध्यें विंडोज ८ आल्यापासून बहुतेक मोठे कारखानदार ती मदरबोर्डांतच सांठवून ठेवितात. त्यामुळें तीच आवृत्ति पुन्हां बसविली असतां की आपोआप वाचली जाते. यंत्र होम आवृत्तीसह आलें असून आपण प्रो बसविली, तर मात्र तो परवाना लागू पडत नाहीं.

दुसरें, सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनचें पान उघडावें. तेथें "ॲक्टिव्ह" असें दिसलें म्हणून समाधान मानूं नये. शिक्का खरा कीं खोटा हें केवळ शिक्का पाहून कळत नाहीं. म्हणून तिसरें, कमांडच्या खिडकींत एसएलएमजीआर ही आज्ञा डीएलआय या जोडशब्दासह द्यावी. परवाना कोणत्या प्रकारचा तें कळतें. एक्सपीआर हा जोडशब्द दिल्यास तो कायमचा आहे कीं मुदतीचा, हें कळतें. संस्थांच्या परवान्याची एक पद्धति अशी आहे कीं, संस्थेचा सर्व्हर प्रत्येक यंत्रास १८० दिवसांची मान्यता देतो व ती वेळोवेळीं नवी करितो. त्या सर्व्हरकडे निदान २५ यंत्रें आल्यावांचून तो मान्यता देत नाहीं. मग एखाद्या किराणा दुकानांतील एकुलत्या एका संगणकावर अशी मुदत दिसली, तर ती आली कोठून? येथें संशय घेऊन विचारपूस करणें हें आपलें कर्तव्य आहे.

कायदाहि माहीत असावा. इ. स. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या प्रोग्रॅमांचा समावेश झाला. १९९४ च्या दुरुस्तीनें घातलेल्या कलम ६३-ब प्रमाणें जाणूनबुजून चोरटी प्रत वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्याकरितां वापर नसेल, तर न्यायालयास सौम्यता दाखवितां येते. उलट, हक्कानें घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावाकरितां जादा प्रत ठेवण्यास कायद्याची मुभा आहे.

कोणी म्हणेल, "समोरचा दुकानदार फुकट टाकून देतो; आमचें गिऱ्हाईक जाईल." अडचण खरी आहे. परंतु चोरटी चावी चालवितांना बहुधा विषाणुरोधक प्रोग्रॅम बंद करावा लागतो. म्हणजे चोर येण्यापूर्वीं आपणच दार उघडितों. इ. स. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभर संगणक बंद पाडिले. त्यावरील उपाय मार्चमध्येंच निघाला होता. तो ज्या यंत्रांवर बसविला नव्हता, तीं सांपडलीं. दुकानदाराची उधारीची वही एका रात्रींत नाहींशी झाली, तर तो आपणांस दुवा देईल काय?

ज्यास परवान्याचा खर्च झेपत नाहीं, त्यास चोरीखेरीज दुसरा मार्ग आहे. इ. स. १९९१ मध्यें आरंभ झालेल्या लिनक्सच्या पायावर उभ्या असलेल्या उबुंटूसारख्या प्रणाली मोफत मिळतात. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस प्रणालीहि याच कुळांतली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. अशा जुन्या यंत्रांस हा मार्ग विशेष सोयीचा. मात्र गिऱ्हाइकाचे नेहमींचे प्रोग्रॅम त्यावर चालतील कीं नाहीं, हें आधीं पाहून त्यास स्पष्ट सांगावें.

शेवटीं एक संवय लावून घ्यावी. बिलावर बसविलेली आवृत्ति, परवान्याचा प्रकार व कीचीं शेवटचीं पांच अक्षरें लिहून एक प्रत गिऱ्हाइकास द्यावी व एक आपणांपाशीं ठेवावी. पालकांनींहि घरचा संगणक दुरुस्त करवितांना हा कागद मागावा. मागणारे वाढले म्हणजे देणारेहि वाढतात, आणि प्रामाणिक कारागिराचा धंदा त्यानेंच तरतो.